जुने सिनेमे मुलांना दाखवायचे, की त्यांची त्यांना सापडू द्यायचे?

घरबशी:
मुलगा अकराचा, मुलगी पंधराची. गेल्या वर्षी हौसेनं 'बायसिकल थीव्ज'पासून (१९४८) सुरुवात केली. घोडचूक! धाकटा "म्हणजे सायकल मिळतच नाही?" असं विचारून दोन दिवस गप्प होता, मोठी अर्ध्यातच उठून गेली.

मग मूकपटांतला विनोदवीर बस्टर कीटन, त्याचा 'शेरलॉक ज्युनियर' लावला. १९२४चा, जेमतेम ४५ मिनिटांचा मूकपट. प्रोजेक्टर चालवणारा नायक झोपतो आणि स्वप्नात पडद्यावरच्या सिनेमात शिरतो. तिथं मागचं दृश्य सारखं बदलतं. हा बाकावर टेकायला जातो तोवर बाकाच्या जागी रस्ता, आणि हा धप्पकन खाली. तेवढा तुकडा धाकट्यानं तीनदा लावायला लावला. माझं मत: दाखवावेतच, पण 'महान' सिनेमे नंतर. आधी धडपडणारी माणसं.

उंटावरचा शहाणा:
साफ असहमत. आपल्या आठवणी मुलांच्या गळ्यात कशाला? मला वडील शेजारी बसवून "आता बघ, आता बघ" करायचे. कृष्णधवल चित्र दिसलं की मला अजून जांभई येते.

घरबशी:
१९२४च्या आठवणी माझ्या आजीकडेही नव्हत्या हो! आणि आपोआप सापडणार कुठून? मोबाइल काल पाहिलं त्याचंच भावंड आज पुढे करतो.

चष्मिष्ट:
एक व्यावहारिक मुद्दा. मूकपटाची प्रत नीट निवडा. तेव्हा कॅमेरा बहुधा हातानं फिरवत, सेकंदाला १६ ते २० चौकटी (म्हणजे सुटी चित्रं) वगैरे. बोलपट आल्यावर २४ ठरल्या. जुनं चित्रण त्या वेगानं दाखवलं की माणसं तुरुतुरु पळतात आणि मुलं भलत्याच जागी हसतात. (विनोदवीर मुद्दामही वेग वाढवायचे, ते वेगळं.)

उंटावरचा शहाणा:
वेगाचं राहू द्या. याच कीटनच्या 'कॉलेज'मध्ये (१९२७) तो तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीय वेटर बनतो, आणि तो विनोद म्हणून. अकरा वर्षांच्या मुलाला काय सांगणार?

घरबशी:
खरं सांगू? ते आलं तेव्हा मी गुपचूप पुढे ढकललं. नंतर वाटलं, चुकलं. ज्याच्यावर तो जीव टाकतो त्यानंही असलं काही केलंय, हे त्याला कळायला हवं होतं. पण म्हणून कीटनच नको, हे मला पटत नाही.

उंटावरचा शहाणा:
मी 'नको' म्हणतच नाहीये. 'तुम्ही नको' म्हणतोय.

सोळावं सरलं:
काकू, पुढे ढकलू नका, आम्हाला कळतं. आणि मध्येच थांबवून समजावू पण नका, ते जास्त वाईट. '१२ अँग्री मेन' (१९५७) मला मैत्रिणीनं सांगितला. ९६ मिनिटं, जवळजवळ सगळा एका खोलीत, नुसती भांडणारी माणसं. मी फोनला हात लावला नाही. आई म्हणाली असती तर लावलाच नसता हा सिनेमा.

उंटावरचा शहाणा:
बघा! मी वेगळं काय म्हणत होतो?

घरबशी:
थांबा. अगं, त्या मैत्रिणीला कुणी दाखवला?

सोळावं सरलं:
तिच्या आजोबांनी. 😐 पण ते स्वतः मध्येच झोपले होते म्हणे.