गिटार रेकॉर्ड करताना सतत घूंऽऽ आवाज येतोय, मदत हवी आहे

मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीये. घरी सिंगल कॉइल पिकअपची (पिकअप म्हणजे तारांची कंपनं पकडणारं चुंबक-कॉइल, माझ्यात एकेरी कॉइलचं) इलेक्ट्रिक गिटार ऑडिओ इंटरफेसमधून (गिटार लॅपटॉपला जोडणारा डबा) रेकॉर्ड करतो, क्लीन टोनला ठीक चालतं पण डिस्टॉर्शन लावलं की मागे घूंऽऽ सुरू, वर एक किरकिर पण.

आत्तापर्यंत काय काय केलं सांगतो. केबल बदलली, काही फरक नाही. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवलं तर किरकिर जवळजवळ गेली पण घूं तसाच. तारांना हात लावला की आवाज कमी होतो, हात काढला की परत हजर! आणि गंमत म्हणजे खुर्चीवर बसून खिडकीकडे तोंड केलं की अर्धाअधिक गायब होतो, म्हणजे घरच्या विजेचा ५० हर्ट्झचा हम (हाच घूं) पिकअपच पकडतोय ना? पंख्याचा रेग्युलेटर २ वर असला की अजून वाढतो, त्यामुळे या उकाड्यात पंखा बंद करून घाम पुसत सोलो वाजवतोय, घरचे हसतात.

बिल्डिंग जुनी आहे, सॉकेट तीन पिनचं आहे पण आत अर्थिंगची वायर खरंच जोडलीये का देव जाणे. इलेक्ट्रिशियनला बोलावून फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून बघायला सांगू का? की आधी गिटारच्या आत कॉपर टेप लावून शिल्डिंग (बाहेरचा आवाज अडवणारं आवरण) करू? हमबकर (हम मारणारा दोन कॉइलचा पिकअप) टाकायचा सल्ला प्लीज नको, तो टोन मला आवडत नाही. नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा इफेक्ट) लावून बघितला, तो लांबवलेल्या नोटची शेपटीच कापतो.

कोणी यातून गेलंय का?