जुन्या पंपाच्या इंजिनावर होडीची मशीन: दांडा आणि पंखा कसा जोडू?

कर्लीकाठ:
आमची चौदा फुटी फायबरची होडी कर्ली खाडीत आहे. नारळ, गवताचे भारे, कधी घरची माणसं पलीकडे न्यायची. बाबा अजून वल्ह्यावरच नेतात, पण सुकतीचं, म्हणजे ओहोटीचं, पाणी ओढायला लागलं की आता त्यांना झेपत नाही. नवी आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लावायची तयार मशीन, परवडणारी नाही. बागेतला होंडा जीएक्स १६० इंजिनाचा पंप पडून आहे. पंप फुटलाय, इंजिन मात्र पहिल्या दोरीला सुरू होतं. भंगारात एका आउटबोर्डचा तीन पात्यांचा पंखाही मिळालाय. थायलंडच्या होड्यांसारखी लांब दांड्याची मशीन करायची आहे. वेल्डर म्हणतो, इंजिनाच्या शाफ्टलाच सरळ दांडा जोडू. चालेल?

लेथवाला_चिपळूण:
इंजिन चांगलं आहे. हवेवर थंड होतं, त्यामुळे खारं पाणी आत फिरवायची भानगड नाही. पण सरळ दांडा जोडू नका.

पंखा पाणी मागे लोटतो तेवढाच जोर दांड्यातून पुढे येतो, आणि होडी चालते ती त्याच जोरावर. तो फ्रेमवर टेकला पाहिजे, क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या आतल्या फिरत्या शाफ्टवर, नाही. क्रँकवर सतत आला तर इंजिनाची बेअरिंगं जातात. ट्रॉलीच्या हबातली टेपर बेअरिंगं भंगारात मिळतात. दोन घ्या, विरुद्ध तोंडांनी एका हाउसिंगात, म्हणजे बेअरिंगच्या घरात, बसवा. हाउसिंग आधी फ्रेमला वेल्ड करा आणि बोअर, म्हणजे बेअरिंगचं भोक, त्यानंतर मारा. उलट केलंत तर वेल्डिंगच्या उष्णतेने बोअर वाकडा होतो.

आता वेग. हे इंजिन ३६०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३६०० फेरे, फिरतं. तुमची होडी पाण्यात तेरा फूट बसत असेल, तर ताशी ९ किलोमीटरच्या आसपास ती स्वतःच्याच लाटेत अडकते. पुढे नुसतं पेट्रोल जळतं. म्हणून बेल्टने वेग निम्मा करा: खालची, दांड्यावरची पुली वरच्या, इंजिनावरच्या पुलीच्या दुप्पट. १८०० आरपीएम आणि ६ इंची पिच (पंखा एका फेऱ्यात जेवढा पुढे सरकायला हवा ते अंतर) धरली, तर पाणी अजिबात निसटलं नाही असं मानून ताशी १६ किलोमीटर येतात. प्रत्यक्षात बरंच निसटतं, त्यामुळे हा मेळ ठीक बसतो. भरलेल्या होडीला मोठा, सावकाश फिरणारा पंखाच ओढतो.

एक मात्र नक्की बघा. काही पंपांच्या इंजिनांचा शाफ्ट आटे पाडलेला असतो, की-वे (पुली घट्ट धरणाऱ्या चावीची खाच) नसतो. तसा असेल तर पुली बसवायला आधी स्लीव्ह, म्हणजे शाफ्टवर चढवायची नळी, करून घ्यावी लागेल.

ट्रॉलरवाला_मालवण:
दांडा एसएस (स्टेनलेस स्टील) ३१६ चा घ्या. ३०४ ला खाऱ्या पाण्यात खड्डे पडतात. खालच्या टोकाला दांडा ज्यात फिरतो तो बुश नायलॉनचा घालू नका, तो पाणी पिऊन फुगतो आणि दांडा आवळतो. बोअरवेलच्या जुन्या सबमर्सिबल पंपातले रबरी बुश बघा. त्यांना पाण्याचंच वंगण लागतं. मापाचा मिळाला तर त्यासारखं दुसरं काही नाही. पंख्याला पितळेची पिन ठेवा. खडकाला आपटला तर पिन तुटेल, दांडा वाचेल.

आणि मशीन लावली की होडी यांत्रिक ठरते. माणसं नेताय, तर मेरिटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयात नोंदणीचं आधी विचारा.

कर्लीकाठ:
शाफ्टला की-वे आहे, बघितला. पण शाफ्टकडे तोंड करून पाहिलं तर इंजिन घड्याळाच्या उलट फिरतं. आउटबोर्डचा पंखा उलटा पडेल का?

लेथवाला_चिपळूण:
सरळ जोडला असता तर पडला असता. आउटबोर्डचे बहुतेक पंखे उजव्या हाताचे, म्हणजे मागून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरले की पुढे ढकलणारे. लांब दांड्याच्या मशीनला म्हणूनच डाव्या हाताचा पंखा लागतो, आणि तो इथे सहजी मिळत नाही. पण तुमच्याकडे बेल्ट असणार. बेल्ट दिशा बदलत नाही, म्हणून इंजिनच फिरवून बसवा: पुली नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, सुरू करायची दोरी मागे पाण्याकडे. दांडा इंजिनाखालून मागे न्या. मागून पाहिलं तर तो घड्याळाच्या दिशेने फिरेल आणि मिळालेला पंखाच चालेल. बेल्टवर जाळी हवीच, कारण तो माणसं बसतात त्या बाजूला येतो. इंजिन बंद करायची दोरी बाबांच्या मनगटाला बांधा. पुलीच्या मध्यापासून पंख्यापर्यंतचं अंतर आणि बुशाचा आतला व्यास कळवा, दांड्याचं माप काढून देतो.