‘दुय्यम कर्करोग’ म्हणावं का?

लातूर_अनुवाद: रुग्णांसाठी माहितीपत्रक मराठीत करते आहे. विषय: शरीरात दुसरीकडून तोंडात, जबड्यात आलेला कॅन्सर. मी जिथे सुरू झाला त्याला ‘प्राथमिक कर्करोग’ आणि जिथे पोचला त्याला ‘दुय्यम कर्करोग’ लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी दोन्ही खोडून सरसकट ‘जबड्याचा कॅन्सर’ केलंय. परिभाषेत काय बसतं?

दंतशल्यक_संभाजीनगर: ताई, ‘जबड्याचा कॅन्सर’ अजिबात ठेवू नका. स्तनातल्या पेशी जबड्यात रुजल्या तरी तो स्तनाचाच कॅन्सर, चौथ्या टप्प्यातला. औषधं स्तनाच्या कॅन्सरची, जबड्याला फार तर दुखणं कमी करायला शेक (रेडिएशन). शिवाय आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर म्हटलं की गुटखा-तंबाखूच आठवते. जिने तंबाखूला हात लावला नाही तिलाही घरचे जाब विचारतात. तोंडातल्या कॅन्सरपैकी असे बाहेरून आलेले जेमतेम १ टक्का, म्हणून तर नाव स्पष्ट हवं: ‘स्तनाचा कॅन्सर, जबड्यात पसरलेला’.

परभणीकर: ‘पसरणं’ फार ढोबळ आहे. हिरडीचा कॅन्सर खालचं हाड खातो तेव्हाही ‘पसरला’च म्हणतात. दूरवरून रक्तावाटे आलेला वेगळा. त्याला ‘दुय्यम’ नेमका शब्द आहे. आणि ‘कर्करोग’ असताना ‘कॅन्सर’ कशाला?

पॅथॉलॉजी_नांदेड: काका, दोन्हींचा अर्थ खेकडाच. लोक जो बोलतात तो ठेवा. ‘दुय्यम’ मात्र नको. दुय्यम निबंधक, दुय्यम दर्जा ऐकलेल्या माणसाला तो कमी घातक वाटतो. ‘प्राथमिक’ त्याहून वाईट: वाचणारा ‘प्राथमिक अवस्था’ समजतो, लवकर सापडला म्हणून निश्चिंत होतो. ‘मूळ कॅन्सर’ लिहा. बऱ्याच रुग्णांत मूळ आधी माहीतच नसतं, तोंडातली गाठच पहिली खूण असते. तेव्हा गाठीचा तुकडा तपासणीला १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये (पेशी टिकवणारं द्रावण) पाठवायचा, तुकड्याच्या दहापट द्रावण. सलाइनच्या बाटलीत तसाच पाठवला की पेशी खराब होतात आणि टीटीएफ-१ (फुफ्फुस), पीएसए (प्रोस्टेट) अशा मूळ अवयव ओळखायच्या तपासण्यांवर भरवसा राहत नाही. तुकड्यासोबतच्या अर्जावर जुनं ऑपरेशन लिहायला विसरू नका.

परिचारिका_अंबाजोगाई: शीर्षकापेक्षा लक्षणाचा शब्द जपा. पत्रकात ‘हनुवटीला मुंग्या येणे’ असेल तर माणूस शुगर तपासून गप्प बसेल. ‘एका बाजूचा खालचा ओठ आणि हनुवटी सुन्न पडणे’ असं लिहा.

परभणीकर: ‘सुन्न’ हिंदीतून आलाय. ‘बधिर’ लिहावं.

पॅथॉलॉजी_नांदेड: ‘सुन्न’ शून्यावरून, प्राकृतातून, मराठीचाच आहे. ‘बधिर’ तर मुळात बहिरा.

दंतशल्यक_संभाजीनगर: शब्द कोणताही घ्या, ‘एका बाजूचा’ हे गाळू नका. खालच्या जबड्याच्या हाडातून नस जाते. मागच्या दाढांपाशी पेशी रुजल्या की ती दबते. दाढ काढलेली नाही, मार नाही, तरी हनुवटी सुन्न असेल तर ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) काढायचाच. दुसरी खूण: दाढ काढल्यावर खड्डा भरून येण्याऐवजी त्यातून मांस उगवतं. ते खरवडून पुन्हा अँटिबायोटिक देत बसू नये, तुकडा तपासावा. बाहेरून आलेल्या कॅन्सरची हिरडीवरची लाल गाठ तर गरोदरपणातल्या साध्या गाठीसारखीच दिसते. किडनीच्या कॅन्सरची गाठ रक्ताने भरलेली असते, तुकडा काढताना रक्त थांबवायची तयारी आधी हवी.

परभणीकर: मग ‘स्थलांतरित कर्करोग’? शुद्धही आहे, नेमकाही.

परिचारिका_अंबाजोगाई: बीडमध्ये स्थलांतर म्हणजे ऊसतोडीला जाणं, मागे घर बंद. हा रोग मूळ जागा सोडत नाही, तिथेही राहतो.

लातूर_अनुवाद: ‘मूळ’ घेतला. एक अडलंय: हाडं मजबूत करायच्या झोलेड्रोनिक इंजेक्शननंतर जबड्याचं हाड उघडं पडतं, त्याला ‘हाड कुजणं’ म्हणू का?

दंतशल्यक_संभाजीनगर: ‘कुजणं’ म्हटलं की नुसता जंतूंचा प्रकार वाटतो. इथे हाडाचा तो भाग मरतो, म्हणून ‘हाड मृत होणं’. आणि त्याआधी हे लिहा: काढायचे दात इंजेक्शन सुरू होण्यापूर्वी काढून जखम भरू द्या, नंतर दाढ काढली तर खड्डा महिनोन्‌महिने उघडा राहू शकतो. तो पाहून ‘कॅन्सर पसरला’ असंही परस्पर ठरवू नये.

परभणीकर: ‘मृत’ चालेल. ‘झोलेड्रोनिक’ला मराठी काय?