फोटोसाठी काय घातलं होतंत? (अनुभव सांगा)

अबोली:
ऑफिसातून मेल आलाय. सोमवारी फोटोग्राफर येणार, वेबसाइटसाठी सगळ्यांचे फोटो काढणार, फॉर्मल कपड्यांत या. रात्री भांडी आवरून कपाट उघडलं. पलंगावर पाच कुडते आणि दोन साड्या पसरून बसले आणि एकदम १९९७ साल आठवलं.

बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा होता, फोटो हवा होता. साताऱ्यात राजवाड्याजवळ एका बोळात स्टुडिओ होता. आईने तिची पांढरी जरीकाठी काढून दिली, घरातली सगळ्यात चांगली साडी तीच. नेसून, गजरा माळून गेले. स्टुडिओवाल्या काकांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "बाळ, पडदा पांढरा, साडीही पांढरी. नुसतं डोकं तरंगेल. घरी निळं-जांभळं काही आहे का?" घर लांब, फॉर्मची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार. आईचा चेहरा एवढासा झाला.

काकांनी आत हाक मारली. काकू पदराला हात पुसत आल्या, परत आत गेल्या आणि स्वतःची आमसुली रंगाची सुती साडी घेऊन आल्या. पडद्यामागे मला नेसवली, खांद्यावर पदराच्या चुण्या एकावर एक बसवल्या, आतून पिन लावली. मी गजरा काढायला लागले तर म्हणाल्या, "राहू दे गं. फोटोत नाही दिसायचा, पण तुला बरं वाटेल." पैसे घेतले ते फक्त फोटोचे.

तो फोटो अजून आहे माझ्याकडे. त्यात मी सुंदर नाही, पण मी आहे.

तुम्ही काय घातलं होतंत? काय शोभलं, काय फसलं? आणि सोमवारसाठीही सुचवा. रंग सावळा, मान आखूड, चष्मा आहे.

---

नाशिकचा_निनाद:
बारीक रेघांचा शर्ट अजिबात नको. कंपनीच्या फोटोला मी तोच घातला होता, आवडता होता. स्क्रीनवर रेघा पाण्यावरच्या तरंगांसारख्या हलत होत्या, छोट्या आकारात तर जास्तच. फोटो नीट, चेहरा नीट, पण बघणारा प्रत्येक जण शर्टाबद्दल बोलायचा. बारीक चौकडीचंही तेच. तेव्हापासून फोटोला प्लेन आकाशी, दुसरं काही नाही.

---

मोगरा_आणि_मी:
अबोली, काकू वाचून डोळे भरून आले गं. अशा बायका होत्या!!

---

एडिसनची_सून:
व्हिसाच्या फोटोला माझंही तेच झालं. ऑफ व्हाइट कुडता घालून गेले. २ बाय २ इंचाचा फोटो, मागे पांढरं, खांदे कुठे संपतात तेच कळेना. त्याच दिवशी परत काढावा लागला, शेजारच्या दुकानातून गडद हिरवी ओढणी विकत आणली आणि पुढून दोन्ही खांद्यांवर पसरून घेतली. ती ओढणी इथे अमेरिकेत आणलीये, थंडीत गळ्याला गुंडाळते.
चष्मा पण काढायला लावतात अमेरिकेच्या व्हिसाला, नोव्हेंबर २०१६ पासून. तुला ऑफिसात चालेल, घाल बिनधास्त. चष्मा लावणाऱ्या माणसाचा चष्म्याशिवाय फोटो ओळखूच येत नाही.

---

स्टुडिओवाला_कोल्हापूर:
२६ वर्षं हाच धंदा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पांढऱ्याचा त्रास नुसत्या पडद्यामुळे होत नाही. समोर जे आहे ते सगळं मिळून मध्यम करडं आहे असं धरून कॅमेऱ्याचा मीटर उजेड मोजतो. छातीभर पांढरं कापड असलं की त्याला वाटतं उजेड जास्त झाला, तो कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. काळ्या कोटात उलटं, चेहरा उडतो. हाताने सेटिंग करणारा फोटोग्राफर हे सांभाळतो, पण ऑफिसात एका सकाळी पन्नास माणसं उरकायची असतात, तेव्हा कपडाच मधल्या रंगाचा असलेला बरा. सावळ्या रंगाला आमसुली, मोरपंखी, गडद निळा, विटकरी हे फार छान उठतात. पोपटी, झगझगीत केशरी टाळा, तो रंग हनुवटीखाली उमटतो. मग लोक म्हणतात फोटोत आजारी दिसतोय.

सॅटिन आणि चकचकीत सिल्कवर फ्लॅश पडला की दंडावर पांढरा पट्टा येतो. सुती, खादी, मंद पोताचं रेशीम उत्तम. आखूड मानेला व्ही गळा. बंद गळा आणि वर ठसठशीत हार नको.

कोट असेल तर बसल्यावर मागचा भाग खाली ओढून त्यावरच बसा, खांदे कानाकडे चढत नाहीत. चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचला, काचा खाली झुकतात आणि फ्लॅशची चमक जाते. आणि ताई, मंगळसूत्र घालणार असाल तर वाट्या सरळ आहेत का ते कुणाला तरी बघायला सांगा. किती फोटोंत एक वाटी पालथी असते म्हणून सांगू! मी स्वतः उठून सांगतो, पण सगळे सांगत नाहीत.

---

अबोली:
दादा, मनापासून धन्यवाद. आमसुली म्हणालात आणि अंगावर काटा आला.

---

पेणची_पोर:
खादीला इस्त्री टिकत नाही हो. रिक्षात बसलं की चुरगळली.

---

मोगरा_आणि_मी:
@पेणची_पोर खळ कर. तांदळाच्या पेजेची, पातळ. सावलीत वाळव, ओलसर असतानाच इस्त्री. माझ्या सासूबाई साबुदाण्याची करतात, ती जास्त कडक होते, साडीला ठीक, कुडत्याला टोचते.

---

पेणची_पोर:
पेजेत मीठ असेल तर?

---

मोगरा_आणि_मी:
बिनमिठाची काढून ठेवायची आधीच :)

---

गुरुजींचा_मुलगा:
माझे वडील जिल्हा परिषदेत शिक्षक. आयुष्यभर लेंगा-सदरा आणि टोपी. पेन्शनच्या कागदांना फोटो काढायला गेलो तर स्टुडिओत खुंटीला एक कोट टांगलेला. पुढून कोट, मागून उघडाच, चापाने आवळायचा. पोराने न विचारता वडिलांच्या अंगात घातला, गळ्यात तयार गाठीचा टाय अडकवला. वडील काही बोलले नाहीत. फोटो आला, त्यांनी पाहिला आणि पाकिटात घालून ठेवला. घरी आल्यावर आईने विचारलं, "हे कोण?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांना परत घेऊन गेलो. धुतलेला सदरा, टोपी. आज भिंतीवर तोच लावलाय. हार घालताना दर वेळी मनात येतं, बरं झालं परत गेलो.

---

एडिसनची_सून:
@गुरुजींचा_मुलगा __/\__

---

स्टुडिओवाला_कोल्हापूर:
असा कोट आमच्याकडेही होता. आता कोट कॉम्प्युटरवर चढवून मागतात लोक, मान एकीकडे आणि कॉलर एकीकडे. मी आधी विचारतो, घालता का रोज? नसेल घालत तर नको म्हणतो.

---

वकिलीण:
आम्हाला निवडच नाही, काळा कोट, पांढरा बँड. सनदेच्या फोटोत बँड एवढा चमकला की नजर तिथेच जाते. वरच्या मुद्द्यावरून कारण आज कळलं. बँडला कडक इस्त्री हवी आणि आत गडद ब्लाउज नको, एवढंच माझ्याकडून. कोर्टात निघालेय, नंतर लिहिते.

---

सांगलीची_सई:
विषय थोडा वेगळा आहे, पण लिहिते. २०१९ मध्ये माझं थायरॉइडचं ऑपरेशन झालं, गळ्यावर आडवी खूण राहिली. त्या वर्षी कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी प्राध्यापकांचे फोटो निघाले तेव्हा उकाड्यात बंद गळ्याचं जाकीट घालून बसले. फोटो बघितला की आजही घामच आठवतो. खांदे आक्रसलेले, हनुवटी खाली दाबलेली, खूण झाकायच्या नादात.

गेल्या वर्षी परत निघाले. विद्यार्थ्यांनी भेट दिलेली इरकल नेसले, काळी, तांबडा टोप पदर, ब्लाउजचा गळा नेहमीचा. फोटोग्राफर पोरगा हळूच म्हणाला, मॅडम, ती रेघ नंतर काढून टाकू का? म्हटलं नको रे, राहू दे. मान ताठ आलीये त्या फोटोत. तुझ्या आखूड मानेलाही सांगते अबोली, श्वास सोडून खांदे खाली टाक, अर्धा इंच मान तिथेच मिळते.

---

मोगरा_आणि_मी:
सई __/\__ इरकल पुण्यात कुठे चांगली मिळते? लक्ष्मी रोडला बघितल्या, पॉलिस्टर मिसळलेल्या वाटल्या.

---

सांगलीची_सई:
सुताचा एक धागा काढून जाळून बघायचा. राख भुरभुरीत पडली तर सूत, गोळी झाली तर पॉलिस्टर. दुकानदार नाही म्हणाला तर तिथे घेऊच नको.

---

पणतू:
आमच्याकडे पणजीचा लग्नातला फोटो आहे, खूप जुना. शालू काळाभोर दिसतो. लग्नात काळा कसा म्हणून आम्ही पोरं आजीला छळायचो, ती म्हणायची लाल होता रे, मी पदर हातात धरलाय. स्टुडिओवाले दादा, असं होतं का?

---

स्टुडिओवाला_कोल्हापूर:
होतं. फोटो ज्यावर उमटे त्या जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक काचांना आणि फिल्मला लाल रंग दिसतच नसे, म्हणून लाल शालू आणि कुंकू दोन्ही काळं येई. निळं मात्र फिकट पडे. आजी खरं सांगत होत्या.

---

पणतू:
आईला वाचून दाखवलं आत्ता. आजी असायला हवी होती.

---

नाशिकचा_निनाद:
पुरुषांसाठी एक राहिलं. पांढऱ्या शर्टाखाली गोल गळ्याचं बनियन दिसतं, व्ही गळ्याचं घाला. आणि खिशातला मोबाइल, पेन काढा.

---

अबोली:
सोमवार झाला! आमसुली खादीचा कुडता, व्ही गळा, पेजेची खळ. वाट्या मी सगळ्या मैत्रिणींच्या सरळ करून दिल्या, माझ्या लेखा विभागातल्या एकीने केल्या. चष्म्याच्या काड्या उचलल्या, खांदे टाकले. माणशी दोन मिनिटं मिळाली फक्त. फोटो आईला पाठवला, तिचा फोन आला, "त्या काकूंची साडी परत दिली होती ना गं आपण?" दिली होती, धुऊन, घडीत पेढ्यांचा पुडा ठेवून.

गजरा माळला होता. फोटोत नाही दिसत.

---

पेणची_पोर:
मस्त गं!! कुडता कुठून शिवलास? गळ्याचं माप पाठव ना.