मदत हवी आहे: मॉक आणि गॉकमध्ये मराठी शब्दाची लांबी वेगळी येते

डेबियन आणि उबुंटूवर ऑक (मजकुरावर काम करणारी छोटी प्रोग्रामिंग भाषा) म्हणजे मुळात तिची मॉक ही आवृत्ती असते. त्यात 'मराठी' या शब्दाची लेंग्थ १५ येते. यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरे बाइटमध्ये साठवायची पद्धत) लोकेलमध्ये गॉक ही ऑकची दुसरी आवृत्ती तीच ५ देते. मॉक बाइट मोजतो, गॉक कोडपॉइंट (युनिकोडमधले एकेक चिन्ह), आणि देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट ३ बाइटचा. त्यामुळे मॉकमध्ये सबस्ट्रिंगने पहिले १ अक्षर काढले की अक्षराचा एकच बाइट, म्हणजे अर्धवट तुकडा हाती येतो आणि प्रिंटएफने (ठरावीक साच्यात छापणारे फंक्शन) छापलेले रकाने वाकडे होतात.

एलसी_ऑल=सी (मजकूर फक्त बाइट म्हणून घेणारी सेटिंग) ठेवून ऑक्टल २०० ते २७७ हे बाइट, म्हणजे प्रत्येक कोडपॉइंटचे पहिला सोडून उरलेले बाइट, जीसबने (शोधून बदलणारे फंक्शन) पुसले आणि मग लांबी मोजली, तर दोन्हीकडे ५ मिळतात. इथवर ठीक. पण डोळ्यांना दिसणारी अक्षरे ३ आहेत: म, रा, ठी. काना, वेलांटी, अनुस्वार यांचे बाइटक्रम आधी वगळता येतात. खरी अडचण जोडाक्षरांची आहे. 'क्ष' एकच मोजायचा, पण शब्दाच्या शेवटी पाय मोडलेले व्यंजन ('अर्थात्') वेगळे मोजायचे.

गॉक सगळीकडे बसवणे शक्य नाही, जेनसब (गॉकचे शोधून बदलणारे फंक्शन) हेही वापरता येणार नाही कारण मॉकमध्ये ते नाही. फक्त पॉझिक्स (सर्वत्र चालणाऱ्या प्रमाणित) ऑकमध्ये हे नीट करणारे फंक्शन कोणाकडे आहे का? झेडडब्ल्यूजे आणि झेडडब्ल्यूएनजे (अक्षरे जोडणारी व वेगळी ठेवणारी अदृश्य चिन्हे) असलेला मजकूरही त्यात टिकायला हवा.