गुरा गेली आणि मला एवढं का लागतंय?

अर्धा_कप_चहा:
हसायचं असेल तर पुढे वाचू नका. होलोलाइव्ह ही जपानी व्हीट्यूबर एजन्सी, म्हणजे कार्टूनचं रूप घेऊन लाइव्ह येणाऱ्या यूट्यूबरांची; तिथली गॉर गुरा, ती अटलांटिसची शार्क, १ मे २०२५ ला होलोलाइव्ह सोडून गेली. महाराष्ट्र दिनाची सुट्टी होती म्हणून निदान ऑफिसात डोळे पुसायची वेळ आली नाही. २०२० च्या सप्टेंबरमध्ये ती आली तेव्हा लॉकडाऊन, कॉलेज ऑनलाइन, घरात आजी अंथरुणाला खिळलेली आणि मी रात्री हेडफोन लावून हिची गाणी ऐकत पडायचे. पहिल्याच स्ट्रीमला आली आणि नुसतं 'आ' म्हणाली, त्या एका 'आ'चे नंतर किती मीम झाले! आई म्हणते कार्टून बंद झालं तर एवढं काय, पण आत जिवंत बाई बोलत होती ना. जेवताना सवयीने यूट्यूब उघडते आणि बंद करते. तुम्ही कसं निभावलंत?

कोकोचा_चेला:
अगं हसतंय कोण. होलोलाइव्हचीच किर्यू कोको १ जुलै २०२१ ला गेली तेव्हा मी फर्स्ट इयरला होतो. शेवटच्या स्ट्रीमला एका वेळी पाच लाखांच्या आसपास माणसं, चॅट इतकं पळत होतं की एक अक्षर वाचता येईना, पण एवढे लोक सोबत रडतायत म्हटल्यावर बरं वाटलं राव. एकच सांगतो, निरोपाचा स्ट्रीम रोज लावू नकोस. गुराचं चॅनल आहे ना अजून, त्यातला माइनक्राफ्ट गेमचा एखादा फालतू स्ट्रीम लाव, ज्यात काहीच घडत नाही असा. जेवताना तोच चालतो.

स्पष्ट_बोलतो:
कंपनीने कमावलं, तुम्ही रडा. तिला तुमचं नावही माहीत नाही.

अर्धा_कप_चहा:
माहीत नाही हे मलाही माहितीये दादा. आणि कंपनीशी तिचंच पटेना म्हणून ती गेली, तसं तिनेच सांगितलं.

मानसशास्त्रवाली:
@स्पष्ट_बोलतो, रेडिओ-टीव्हीवरच्या माणसांशी प्रेक्षकांचं जे एकतर्फी नातं जुळतं त्यावर हॉर्टन आणि वोल या संशोधकांनी १९५६ मध्येच लिहून ठेवलंय, पॅरासोशल हा शब्द तेव्हाचा. ही काय यूट्यूबने लावलेली सवय नव्हे. चहाताई, आईला एवढंच विचार की तिची लाडकी मालिका संपली तेव्हा साडेआठला तिला काय वाटायचं. आणि माझ्या मते तुला लागतंय ते निम्मं गुराचं आणि निम्मं त्या लॉकडाऊनच्या रात्रींचं, आजीच्या खोलीतला दिवा वगैरे सगळं तिच्या आवाजाला चिकटलंय. तेव्हा रडायला सवड नसेल मिळाली, आता मिळतीये. पण झोप किंवा भूक बरेच दिवस उडाली तर कुणाशी तरी समोरासमोर बोल, ते इथे लिहून भागत नाही.

निशाचर_नागपूर:
वरचं सगळं पटलं, माझी फक्त एक विनंती. ती दुसऱ्या नावाने कुठे दिसते का ह्याची शोधाशोध करत फिरू नको. कॅरेक्टर कव्हर कॉर्पोरेशनचं, म्हणजे होलोलाइव्ह चालवणाऱ्या कंपनीचं, आवाज तिचा, ती परत आली तरी गुरा म्हणून येणार नाही, आणि तिथे जाऊन 'तूच ना ती' विचारणारे लोक भयंकर डोक्यात जातात. आपोआप समोर आली तर ऐक की, कोण नाही म्हणतं. बाकी शनिवारी रात्री आम्ही काहीजण डिस्कॉर्डवर जुनं कराओके लावून बसतो, जे अर्काइव्ह शिल्लक आहेत त्यातलं. लिंक मेसेजमध्ये टाकतो, ये.

अर्धा_कप_चहा:
टाका. माइक बंद ठेवेन हं, आई झोपलेली असते.