जुना गोवा: आर्चबिशपचा वाडा पांढरा, मग बाँ जेझूस लाल का?

गिरगावकर:
मुंबईहून अभ्यासगट घेऊन जुन्या गोव्याला जायचं आहे. आर्चबिशपचा जुना वाडा नेमका कुठला? से कॅथेड्रल आणि वाडा चुन्याने पांढरे, पण समोरची बाँ जेझूस बॅसिलिका (चर्च) उघड्या जांभ्याची. मूळ रूप कुठलं?

चुनाभट्टी:
कॅथेड्रल आणि मागचं सेंट फ्रान्सिसचं चर्च यांच्या मधला, चढ्या कौलारू छपराचा भाग म्हणजे वाडा. कॅथेड्रलला चिकटून असल्याने लोक त्याला चर्चचाच भाग समजून पुढे जातात. गोव्यात बिशपपीठ 1534 मध्ये आलं, 1557 मध्ये आर्चबिशपपीठ झालं. कॅथेड्रलचं काम 1562 मध्ये सुरू झालं. पुढे रोगराईने शहर ओस पडलं, 1843 मध्ये राजधानी पणजीला गेली. आता आर्चबिशपांचं निवासस्थान पणजीत आल्तिन्हो टेकडीवर आहे.

मूळ रूप पांढरंच. बाँ जेझूसचा गिलावा 1950 च्या दशकात खरवडून काढला, दगड 'खुलवायचा' म्हणून. फार वाईट निर्णय होता तो. जांभा सच्छिद्र, गिलावा गेला की पावसात त्यातली माती धुपते आणि दगडाला खळगे पडतात. तिथला गिलावा शोभेचा नव्हता, भिंतीचं ते कातडं होतं.

गिरगावकर:
मग अशा भिंतीला सिमेंटचा गिलावा का करत नाहीत? तो जास्त टिकेल ना?

चुनाभट्टी:
उलट होतं. जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि चुन्यातून सुकून जाते. सिमेंट तिला अडवतं, मग ती सिमेंटच्या वरच्या कडेशी बाहेर पडते. तिथे लोणा (क्षारांची पांढरी भुकटी) लागतो, जांभ्याचा भुगा होतो आणि सिमेंटचा पापुद्रा दगडाची कातळी घेऊनच सुटतो. बोटाने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर आतून सुटलेलं आहे.

बरोबर पद्धत: कळीचा (भट्टीत भाजलेला) चुना पाण्यात विझवून निदान महिनाभर पाण्याखाली मुरवायचा. 1 भाग चुना, 3 भाग धुतलेली चाळलेली वाळू; ओलीच्या जागी थोड्या वाळूऐवजी विटांची सुरखी, म्हणजे भुकटी. मोठे खळगे आधी जांभ्याच्या कपच्यांनी भरायचे. भिंत चिंब भिजवून 10-12 मिमीचा एक थर, तो आवळला की दुसरा. एकदम जाड थापला की तडकतो. दोन-तीन आठवडे ओली गोणपाटं. शेवटी दुधासारख्या पातळ चुन्याचे तीन-चार हात. प्लास्टिक पेंट लावला तर सगळी मेहनत वाया.

वसईकर:
काम पावसाळा सरल्यावर काढा आणि फेब्रुवारीपर्यंत संपवा. चुना हवा लागून हळूहळू घट्ट होतो. मे महिन्यातला गिलावा पहिल्याच पावसात ओघळतो.

जाण्याआधी वसईचा किल्ला जरूर बघा. 1739 मध्ये मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून जिंकल्यावर तिथली चर्चं ओस पडली, छपरं गेली. तिथे काळ्या दगडाचं काम भरपूर आहे, म्हणून गिलावा गळला तरी भिंती उभ्या आहेत. काळा दगड पाणी पीत नाही, त्यामुळे गिलावा धरतो तो सांध्यांत. कोनाड्यांच्या वरच्या पट्टीखाली, जिथे पाऊस पोचत नाही, तिथे जुन्या चुन्याचे तुकडे शोधा.